मुंबईत नोकरी शोधताना रेझ्युमे: कच्च्या खर्ड्यापासून पाठवण्यापर्यंत

मित्राकडून वर्ड फाइल मागवायची, त्याचं नाव खोडून आपलं टाकायचं, कॉलेज बदलायचं आणि 'ऑब्जेक्टिव्ह'मधलं 'चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'चं वाक्य तसंच राहू द्यायचं. मुंबईतले निम्मेअधिक नवे रेझ्युमे असेच जन्माला येत असावेत. अंधेरी एमआयडीसीतल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या एचआरच्या इनबॉक्समध्ये ते ढिगाने पडतात आणि सगळे सारखेच दिसतात. त्यातून एक उचलायचा तर वाचणाऱ्याच्या हाती काहीतरी लागावं लागतं: एखादा आकडा, सॉफ्टवेअरचं नाव, कामाचा नेमका तुकडा.

म्हणून इथे सगळीकडे एकच कसोटी लावली आहे. रेझ्युमेतल्या कुठल्याही ओळीवर बोट ठेवून समोरचा म्हणाला, "हे जरा सांगा," तर त्यावर दोन मिनिटं बोलता आलं पाहिजे. आणि पुढे त्याचा कागद मागितला तर दाखवता आला पाहिजे. ज्या ओळीबद्दल हे जमत नाही, ती काढायची. मग ती कितीही भारदस्त असो.

आधी खर्डा, मग फाइल

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडूच नका. कागदपत्रं समोर घ्या: दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिका, प्रत्येक नोकरीचं ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पे स्लिप, कोर्सची सर्टिफिकेटं. पीएफ कापला जात असेल तर ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर यूएएन (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) टाकून सर्व्हिस हिस्ट्री बघा. तिथे प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. आपल्याला आठवतो तो महिना आणि तिथला महिना यात कित्येकदा फरक निघतो. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन (उमेदवाराने दिलेल्या माहितीची पडताळणी) करणारी मंडळी तिथलाच महिना धरतात. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर तेही आत्ताच कळेल. ऑफर हातात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे बरं.

आता वहीत प्रत्येक नोकरीसाठी एक पान घ्या आणि या प्रश्नांची उत्तरं मराठीत, जशी सुचतील तशी लिहा. सकाळी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम काय होतं? दिवसाला, महिन्याला किती नग, बिलं, कॉल, पेशंट, गाड्या हाताखालून जायच्या? कुठलं सॉफ्टवेअर, कुठलं मशीन? तुम्ही आठवडाभर रजेवर गेलात तर काय अडायचं? नवा माणूस आला तर त्याला कोण शिकवायचं? तुम्ही आल्यानंतर कुठली गोष्ट बदलली?

रजेचा प्रश्न सोडू नका. "माझं काम काय, तेच रोजचं," असं म्हणणारा माणूस या प्रश्नावर हमखास दोन-तीन गोष्टी सांगून जातो, आणि रेझ्युमेत जायला हव्यात त्या नेमक्या याच गोष्टी.

आकडे आठवत नसतील तर एका दिवसाचा अंदाज घ्या, कामाच्या दिवसांनी गुणा आणि खालच्या बाजूच्या गोल आकड्यावर आणा. दिवसाला सोळा-सतरा व्हाउचर असतील आणि महिन्याला पंचवीस दिवस काम असेल, तर 'सुमारे ४००' लिहायचं, ५०० नव्हे. कंपनीची उलाढाल, गिऱ्हाइकांची नावं, दर असली गोपनीय माहिती मात्र घालू नका. जुन्या मालकाचं गुपित कागदावर उघडं करणारा माणूस नव्या मालकालाही नको असतो.

जाहिरात कशी वाचायची

खर्डा तयार झाला की आपल्याला हव्या त्या पदाच्या पाच-सहा जाहिराती नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवरून काढा आणि एका फाइलमध्ये चिकटवा. सगळ्यांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द अधोरेखित करा. अकाउंट्स असिस्टंटच्या जाहिरातीत टॅली प्राइम, जीएसटी रिटर्न, टीडीएस, बँक रिकन्सिलिएशन, एक्सेल हे सतत दिसेल. न्हावा-शेवा बंदराशी संबंधित डॉक्युमेंटेशनच्या कामात शिपिंग बिल, बिल ऑफ एंट्री, बिल ऑफ लेडिंग, आइसगेट. भिवंडीच्या गोदामांत ई-वे बिल, डिस्पॅच, सायकल काउंट.

खर्ड्यातली जी कामं तुम्ही खरंच केली आहेत, त्यांना जाहिरातीतलाच शब्द द्या. 'बँकेचा हिशेब जुळवणे' हे तुमच्या सेठचे शब्द. जाहिरातीत ते 'बँक रिकन्सिलिएशन' आहे, तर रेझ्युमेतही तेच हवं. कारण सरळ आहे. पोर्टलवर किंवा कंपनीच्या सिस्टिममध्ये एचआर शब्द टाकून शोधतो, आणि शोध लागतो तो त्याच्या शब्दांवर.

जाहिरातीत दहा गोष्टी मागितल्या असतील आणि तुमच्याकडे सहा-सात असतील तर अर्ज करा. ज्या 'असणे आवश्यक' म्हणून लिहिल्या आहेत त्यांतल्याच दोन-तीन नसतील, तर वेळ वाया घालवू नका.

वरचा भाग

नाव गुणपत्रिकेवर आणि पॅन कार्डावर आहे तसं लिहा. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव असे तीन भाग असतात; एका कागदावर तिन्ही, दुसऱ्यावर दोनच, तिसऱ्यावर आडनाव आधी, असा गोंधळ असतो. रेझ्युमेवर स्वतःचं नाव आणि आडनाव पुरतं, पण त्याचं इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि कागद दोन नावांवर असतील तर रेझ्युमेत खुलासा नको. गॅझेटची प्रत किंवा विवाह नोंदणीचा दाखला हाताशी ठेवा, म्हणजे झालं.

नावाखाली एक मोबाइल नंबर, साधा ईमेल, लिंक्डइनचा पत्ता (प्रोफाइल भरलेलं असेल तरच) आणि राहण्याचं ठिकाण. इमारतीचं नाव, खोली नंबर, समोरची खूण यातलं काही नको. 'डोंबिवली पूर्व' किंवा 'मीरा रोड' एवढं पुरे. पण ते जरूर लिहा. मुंबईत एचआर ठिकाण बघतोच: विरारचा माणूस बेलापूरला रोज कसा येणार, सकाळी सातची शिफ्ट त्याला झेपेल का, हे त्याच्या डोक्यात येतं. तुम्ही घर बदलायला तयार असाल किंवा नातेवाइकांकडे सोय असेल तर 'नवी मुंबईत स्थलांतरास तयार' अशी चार शब्दांची ओळ टाका. उत्तर आधीच मिळालं की शंका उरत नाही.

जन्मतारीख, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, वडिलांचा व्यवसाय, उंची-वजन हे खासगी नोकरीच्या रेझ्युमेतून काढून टाका. यातलं बरंचसं लग्नाच्या बायोडाटातून इकडे घुसलं आहे. आधार, पॅन, पासपोर्टचे नंबर तर कधीच नकोत. ही फाइल किती हातांतून जाईल याचा भरवसा नाही. फोटो मागितला असेल तरच लावा. हॉटेल, विमान कंपनी, फ्रंट ऑफिस अशा ठिकाणी मागतात. शेवटी 'आय हिअरबाय डिक्लेअर' आणि सहीची जागा ठेवायची जुनी पद्धत आहे. ती घालवली तर कुणी विचारत नाही आणि तीन ओळी मोकळ्या होतात.

(महापालिका, राज्य सरकार, बँकांच्या भरती यांचं गणित वेगळं आहे. तिथे ठरलेला अर्ज भरायचा असतो, त्यात जन्मतारीख, प्रवर्ग सगळं असतं. त्या अर्जातली सवय खासगी रेझ्युमेत आणू नका.)

ऑब्जेक्टिव्हऐवजी तीन ओळी

'कंपनीच्या प्रगतीत हातभार लावून स्वतःचा विकास साधणे' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. त्या जागी तीन ओळींचा सारांश लिहा. पहिल्या ओळीत पद आणि अनुभवाची वर्षं, दुसरीत कामाचा प्रकार आणि साधनं, तिसरीत तुमचं ठळक काम किंवा कधी रुजू होऊ शकता ते. उदाहरणार्थ:

'अकाउंट्स असिस्टंट, ४ वर्षं, घाऊक व्यापार. टॅली प्राइम, जीएसटीआर-१ आणि ३बीसाठी आकडे तयार करणे, ३ खात्यांचं बँक रिकन्सिलिएशन. नोटीस पिरियड ३० दिवस.'

रेझ्युमे बहुतेक ठिकाणी इंग्रजीतच जाईल. इथे अर्थ लगेच लक्षात यावा म्हणून नमुने मराठीत दिले आहेत. हा सारांश सगळ्यात शेवटी लिहायचा, खालचं सगळं तयार झाल्यावर. आधी लिहिला की त्यात 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर', 'डायनॅमिक' हे नेहमीचे पाहुणे येऊन बसतात.

अनुभवाच्या ओळी

खरी मेहनत इथे आहे. ताजी नोकरी वर, जुनी खाली. प्रत्येक नोकरीला आधी एक शीर्षकओळ: पद, कंपनी, ठिकाण, 'महिना वर्ष ते महिना वर्ष'. नुसतं '२०२१ ते २०२३' लिहिलं की तो काळ दोन वर्षं आहे की जेमतेम तेरा महिने, हे कळत नाही, आणि शंका घेणारा तेरा महिनेच धरतो. त्याखाली सध्याच्या नोकरीसाठी पाच-सहा ओळी, आधीच्या नोकरीसाठी तीन-चार, त्याआधीच्या नोकऱ्यांसाठी एक-दोन.

प्रत्येक ओळीत तीन गोष्टी बसवा: काय केलं, किती, आणि कशाने किंवा कशासाठी. मशीद बंदरच्या एखाद्या घाऊक दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या रेझ्युमेत 'अकाउंट्सचं सर्व काम पाहणे' असं असतं. खर्ड्यातून तीच नोकरी अशी उलगडते:

'टॅली प्राइममध्ये दरमहा सुमारे ४०० खरेदी-विक्री व्हाउचरच्या नोंदी केल्या.
तीन बँक खात्यांचं रिकन्सिलिएशन दर आठवड्याला केलं. पूर्वी ते महिन्याअखेरीस होत असे.
जीएसटीआर-१ (११ तारीख) आणि ३बी (२० तारीख) यांसाठी आकडे तयार करून मुदतीआधी सीएकडे दिले.
सुमारे ६० व्यापाऱ्यांच्या येणे रकमेची यादी ठेवली, दर सोमवारी वसुलीचे फोन केले.'

शेवटच्या ओळीकडे नीट बघा. 'वसुलीचे फोन' हे त्या मुलाला काम वाटतच नव्हतं. पण लोअर परळच्या कंपनीत त्यालाच 'रिसिव्हेबल्स फॉलो-अप' म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात.

दुसऱ्या क्षेत्रांतही हेच. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये 'कस्टमर हँडलिंग' म्हणजे काय, ते उलगडा: दिवसाला किती कॉल, कुठल्या भाषांत, रात्रपाळी की दिवसपाळी, क्वालिटी स्कोअर किती टक्के. मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह असाल तर कुठला पट्टा, किती डॉक्टर, किती केमिस्ट, टार्गेटच्या किती टक्के. आयटीआय करून लागलेल्या फिटरने 'मशीन मेंटेनन्स' एवढ्यावर थांबू नये. कुठली मशीनं, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्सचं वेळापत्रक कोण सांभाळायचं, व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधनं स्वतः वापरता येतात का, ड्रॉइंग वाचता येतं का, हे लिहावं. घणसोली-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजरच स्वतः रेझ्युमे चाळतो, आणि तो हेच बघतो.

इंग्रजीत लिहिताना ओळीची सुरुवात क्रियापदाने करा: प्रिपेअर्ड, रिकन्साइल्ड, हँडल्ड, ट्रेन्ड, रिड्यूस्ड. 'आय' नको आणि 'रिस्पॉन्सिबल फॉर' नको. जुन्या नोकरीतली कामं भूतकाळात, सध्याची वर्तमानकाळात. 'वर्किंग सिन्स थ्री इयर्स' ही चूक मराठी माध्यमातून आलेल्यांच्या हातून सर्रास होते, आणि इंग्रजी माध्यमवाल्यांच्याही. 'सिन्स'च्या पुढे वर्ष किंवा महिना येतो, कालावधी सांगायचा तर 'फॉर'.

एक सापळा मुंबईत फार जणांना अडवतो. तुम्ही बसत होता मोठ्या बँकेच्या बीकेसीतल्या ऑफिसात, ओळखपत्रही तिथलंच. पण पगार यायचा एखाद्या मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून. अशा वेळी नोकरी देणारी कंपनी म्हणून बँकेचं नाव लिहिलं तर व्हेरिफिकेशनमध्ये बँक सांगते, या नावाचा माणूस आमच्याकडे नव्हता. मग खरं काम केलेल्या माणसावर खोटेपणाचा शिक्का बसतो. पे स्लिपवर ज्याचं नाव आहे तोच मालक म्हणून लिहा आणि पुढे 'अमुक बँकेत नियुक्ती' असं जोडा. अनुभवाचं वजन कमी होत नाही.

पदाचंही तसंच. लेटरवर 'ऑफिस असिस्टंट' असेल आणि प्रत्यक्षात तुम्ही पर्चेस सांभाळत असाल तर लिहा 'ऑफिस असिस्टंट (पर्चेस विभाग)'. स्वतःहून 'पर्चेस मॅनेजर' होऊ नका.

अनुभव नसेल तर

फ्रेशरचा रेझ्युमे एका पानाचा. त्यात शिक्षण वर जातं, त्याखाली इंटर्नशिप, प्रोजेक्ट आणि मग बाकीचं. प्रोजेक्टचं नुसतं नाव देऊन काही साधत नाही. किती जणांनी केलं, त्यात तुमचा भाग कोणता, किती लोकांची मुलाखत किंवा प्रश्नावली घेतली, कुठल्या सॉफ्टवेअरवर विश्लेषण केलं, हे दोन ओळींत येऊ द्या. चारजणांचा प्रोजेक्ट असेल आणि तुम्ही फक्त बायंडिंग करून आणलं असेल, तर तो प्रोजेक्ट न लिहिलेला बरा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

गणेशोत्सव मंडळाचे हिशेब सांभाळले असतील तर लिहा, लाजू नका. 'मंडळाचा खजिनदार, वर्गणीच्या पावत्या आणि खर्चाचा ताळेबंद, ऑडिटसाठी कागद तयार केले' ही कॉमर्सच्या मुलासाठी चांगली ओळ आहे. नुसतं 'मंडळाचा कार्यकर्ता' मात्र काहीच सांगत नाही. एनएसएसमधलं काम, एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट, शिकवण्या, वडिलांच्या दुकानावर संध्याकाळी केलेली बिलिंग हेही कामच आहे. छंदांत 'गाणी ऐकणे, फिरणे' लिहिण्यापेक्षा तो भागच काढा.

केटी लागली होती, म्हणजे एखादा विषय राहिला होता, मग काय करायचं? रेझ्युमेत केटीचा उल्लेख नको, पण पास होण्याचं वर्ष खरं लिहा. तीन वर्षांची पदवी चार वर्षांत झाली असेल तर मुलाखतीत एका वाक्यात सांगता येतं. वर्ष बदललं तर गुणपत्रिका मागितल्यावर पकडलं जातं. अंतिम वर्षाचा निकाल लागायचा असेल तर 'निकाल प्रतीक्षेत' असं स्पष्ट लिहा.

मधला खंड

बाळंतपण, आईवडिलांचं आजारपण, स्पर्धा परीक्षांची तयारी, कंपनी बंद पडणं: कारण काहीही असो, खंड सहा महिन्यांपेक्षा मोठा असेल तर त्याला एक ओळ द्या. 'एप्रिल २०२१ ते जून २०२३: कौटुंबिक जबाबदारीमुळे विराम, या काळात अॅडव्हान्स्ड एक्सेलचा कोर्स पूर्ण.' एवढंच. आजाराचं नाव, तपशील, सहानुभूती मागणारं वाक्य काही नको. एमपीएससीची तीन वर्षं गेली असतील तर तीही सरळ लिहा. मुंबईत ती गोष्ट न समजणारा एचआर विरळा. खंड झाकण्यासाठी जुन्या नोकरीच्या तारखा ताणणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे, कारण पीएफची नोंद तारीख सांगते.

शिक्षण आणि कौशल्यं

पदवी, विद्यापीठ, वर्ष, टक्के किंवा सीजीपीए. सीजीपीए लिहिताना '७.४/१०' असं लिहा, नुसतं ७.४ नको. पाच वर्षांहून जास्त अनुभव झाला की दहावी-बारावी गाळली तरी चालते. आयटी कंपन्या आणि काही बँका मागतात, त्यांच्यासाठी वेगळी प्रत ठेवा.

कौशल्यांत 'एमएस ऑफिस' हा शब्द इतका झिजला आहे की तो वाचलाच जात नाही. एक्सेलमध्ये काय येतं ते लिहा: पिव्हट टेबल, व्हीलुकअप, एक्सलुकअप. टायपिंगची सरकारी परीक्षा दिली असेल तर भाषा आणि वेग सांगा, 'मराठी ३० शब्द प्रतिमिनिट' असं. एमएस-सीआयटी क्लार्क आणि सरकारी पदांसाठी उपयोगाचं. सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या रेझ्युमेत ते उगाच जागा अडवतं. भाषा लिहिताना बोलणं आणि लिहिणं वेगळं ठेवा. काळबादेवी, झवेरी बाजार, मुलुंड भागातल्या पेढ्यांत बोलता येणारी गुजराती खरोखर कामाची ठरते. कौशल्यांपुढे पाचपैकी चार चांदण्या किंवा टक्क्यांच्या पट्ट्या काढू नका. 'टॅली ८० टक्के' म्हणजे उरलेलं २० टक्के काय येत नाही, हा प्रश्न ओढवून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

मांडणी आणि फाइल

पान ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. इंटरनेटवरचे बरेच टेम्प्लेट अमेरिकन 'लेटर' मापाचे असतात. ते इथल्या प्रिंटरवर सरकतात, म्हणून पेज सेटअप आधी तपासा. चारही बाजूंना सुमारे दोन सेंटिमीटर समास. कॅलिब्री किंवा एरियल, मजकूर साडेदहा-अकरा पॉइंट, नाव सोळा-अठरा. एक रंग, काळा. दहा वर्षांपर्यंतचा अनुभव असेल तर एक ते दोन पानं. तिसरं पान संशोधन किंवा प्राध्यापकीसाठी.

कॅनव्हावरचे दोन रकान्यांचे, आयकॉन-आलेखांचे रेझ्युमे फोनवर सुंदर दिसतात. अडचण अशी की पोर्टल आणि कंपन्यांची एटीएस (अर्ज साठवणारी आणि गाळणारी सिस्टिम) फाइलमधला मजकूर उपसून ठरलेल्या रकान्यांत भरते. दोन स्तंभ असले की डावीकडची ओळ उजवीकडच्या ओळीला चिकटते; फोनचं चित्र नंबरच्या आधी असलं की कधी तिथे भलतंच चिन्ह येतं; वर्डच्या हेडरमध्ये टाकलेला मोबाइल नंबर काही सिस्टिम वाचतच नाहीत. डिझायनरने पोर्टफोलिओची लिंक द्यावी आणि रेझ्युमे तरीही साधाच ठेवावा.

तपासायची सोपी युक्ती: पीडीएफ उघडा, सगळं सिलेक्ट करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जे आणि ज्या क्रमाने दिसेल तेच साधारण सिस्टिमला दिसतं. काहीच सिलेक्ट होत नसेल तर तुमची पीडीएफ म्हणजे स्कॅन केलेला फोटो आहे, ती टाकून द्या. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवायची युक्तीही इथेच उघडी पडते.

मराठी वृत्तपत्र, शाळा, पतपेढी किंवा संस्थेसाठी रेझ्युमे मराठीत करायचा असेल तर युनिकोडमध्येच टाइप करा. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की निरर्थक अक्षरांचा पसारा होतो.

चॅटजीपीटीसारखं साधन वापरायला हरकत नाही, पण त्याला खर्डा द्या आणि इंग्रजी नीट करून घ्या. 'मला रेझ्युमे लिहून दे' एवढंच सांगितलं तर ते छान छान आकडे स्वतःच्या मनाने घालतं, आणि त्या आकड्यांचा जाब मुलाखतीत तुम्हाला द्यावा लागतो.

पाठवण्याआधीची झाडाझडती

लिहून झाल्यावर एक रात्र जाऊ द्या. मग कागदावर छापून घ्या. स्क्रीनवर न दिसणाऱ्या चुका कागदावर दिसतात. शेवटच्या ओळीपासून वर वाचत या, म्हणजे डोळा अर्थाच्या ओघात वाहून जात नाही. दिलेला मोबाइल नंबर दुसऱ्याच्या फोनवरून, कागदावर बघून लावा. ईमेलवर स्वतःला एक मेल पाठवा. सगळ्या तारखा एका साच्यात आहेत ना, कंपन्यांची स्पेलिंगं लेटरप्रमाणे आहेत ना, ते बघा. स्पेलचेकवर विसंबू नका: 'मॅनेजर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला दुसरा 'ए' गळला तरी उरलेला शब्द शब्दकोशात आहे, त्याचा अर्थ गोठ्यातली गव्हाण, आणि त्याखाली लाल रेघ येत नाही.

मग त्याच क्षेत्रातल्या एका ओळखीच्याला वाचायला द्या आणि "कसा आहे?" असं विचारू नका. सगळे "मस्त" म्हणतात. विचारा, "हे वाचून मला काय काम येतं असं वाटलं?" उत्तर तुमच्या मनातल्या पदाशी जुळलं नाही तर वरच्या तीन ओळी आणि पहिल्या नोकरीच्या ओळी बदला.

पाठवणं

फाइलचं नाव 'नाव-आडनाव-पद' असं. 'रेझ्युमे न्यू फायनल ३' हे नाव एचआरच्या डाउनलोड फोल्डरमध्ये आधीच दहा जणांचं असतं. कंपनीला पीडीएफ पाठवा. प्लेसमेंट कन्सल्टंट मात्र बहुधा वर्ड मागतात, कारण त्यांना तुमचा नंबर काढून स्वतःचं लेटरहेड लावायचं असतं. म्हणून दोन्ही तयार ठेवा. ईमेलच्या विषयात पद, जाहिरातीचा कोड असल्यास तो, आणि नाव. मजकूर पाच ओळींचा: कुठली जाहिरात, किती अनुभव, त्यांना हव्या असलेल्या दोन गोष्टी तुमच्याकडे कशा आहेत, नोटीस पिरियड, फोन नंबर. रिकाम्या मेलला नुसती फाइल जोडून पाठवू नका, आणि एकाच मेलमध्ये वीस कंपन्यांचे पत्ते तर मुळीच नकोत.

नोकरी डॉट कॉमवर डीओसी, डीओसीएक्स, आरटीएफ किंवा पीडीएफ फाइल २ एमबीपर्यंत चालते. तिथला रेझ्युमे आणि तिथे भरलेलं प्रोफाइल यातल्या तारखा, पद, नोटीस पिरियड जुळले पाहिजेत. एचआर उमेदवार शोधताना अलीकडे सक्रिय असलेलेच गाळून घेऊ शकतो, त्यामुळे शोध चालू आहे तोवर आठवड्यातून एकदा लॉगिन करून एखादी खरी सुधारणा करा. पगार रेझ्युमेत लिहायचा नाही. फॉर्ममध्ये विचारला तर सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) विचारलंय की इन हँड (हातात येणारा पगार), हे नीट वाचून भरा. आणि रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट असे पैसे कुणी नोकरीआधी मागितले तर तिथेच थांबा.

वॉक-इनला जायचं तर तीन प्रती, साध्या पांढऱ्या ८० जीएसएम कागदावर, दोन पानं असतील तर स्टेपल करून. झेरॉक्सच्या दुकानात वर्ड फाइल नेऊ नका. तिथे तो फॉन्ट नसला की मांडणी विस्कटते आणि दुसरं पान तिसऱ्यावर जातं. पीडीएफ न्या. प्रिंट झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरची फाइल उडवा आणि व्हॉट्सअॅप वेब किंवा ईमेल उघडलं असेल तर लॉगआउट करा. जून ते सप्टेंबर कागद प्लॅस्टिकच्या बंद फोल्डरमध्ये.

शेवटी एक्सेलची एक शीट: तारीख, कंपनी, पद, कुठला रेझ्युमे पाठवला, जाहिरातीचा मजकूर, काय उत्तर आलं. जाहिरात पोर्टलवरून लवकर निघून जाते आणि फोन तीन आठवड्यांनी येतो, तोही तुम्ही दादरच्या पुलावर असताना. "पाच मिनिटांत फोन करू का?" म्हणायचं आणि शीट उघडायची. पंचवीस-तीस नेमके अर्ज करूनही एकही फोन आला नाही तर दोष वरच्या तीन ओळींत, शब्दांत किंवा पदाच्या निवडीत शोधा. फोन येतात पण पहिल्या बोलण्यातच गाडी अडते, तर बहुधा पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड किंवा ठिकाण आडवं येतंय. मुलाखतीपर्यंत जाऊन नकार येत असतील, तर मात्र रेझ्युमेला हात लावू नका. त्यातल्या एकेका ओळीवर दोन मिनिटं मोठ्याने बोलायचा सराव करा.